पैनगंगेच्या अलीकडे कोण पुरलंय?

उत्साही : हिंगोली जिल्ह्याची उत्तरेकडची बरीचशी सीमा पैनगंगेने आखलेली आहे. नदी ओलांडली की विदर्भ. आणि विदर्भात, नागपूरच्या चहूबाजूंनी, महाराष्ट्रातली सगळ्यांत विलक्षण स्मशानं उघड्या माळावर पडलेली आहेत. जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड, खैरवाडा, रायपूर, भागीमोहारी ही त्यांतली काही नावं. एकट्या जुनापाणीला दगडांची काही शे वर्तुळं नोंदली गेली होती. मोठाले धोंडे गोलात लावायचे, मधल्या जागेत मृताबरोबर द्यायच्या वस्तू ठेवायच्या, वर चिकट काळी माती आणि मुरूम भरायचा, त्यावर गोट्यांचा थर द्यायचा. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हे एवढ्या नेमाने केलं की एकदा डोळ्यांना सवय झाली, म्हणजे दूरवरूनही ते वर्तुळ ओळखता येतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही माणसं पैनगंगेच्या काठाला येऊन थांबली असतील असं मानायला मला काहीच कारण दिसत नाही. नदीच्या दोन्ही काठांवर तोच काळा दगड आहे आणि तीच काळी जमीन आहे. तरी उत्खनन झालेल्या ठळक स्थळांची यादी काढली तर हिंगोलीचं नाव त्यात येत नाही. आपल्या मातीत कोण निजलंय याची विचारपूस करायचा हिंगोलीला हक्क नाही का?

साशंक : हक्क आहेच, पण आधी काळ नीट लावून घेऊ. अशी दगडी थडगी म्हटली की लोकांच्या मनात नवाश्मयुग येतं. ते चित्र युरोपातून आलेलं आहे. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे खरोखरच नवाश्मयुगीन. विदर्भातली वर्तुळं त्यानंतर दोन-अडीच हजार वर्षांनी बांधली गेली आणि त्यांत लोखंड सापडतं : कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी, घोड्याचे लगाम. ही लोहयुगातली माणसं आहेत. दोन्हीकडे दगड दिसतो म्हणून दोन्हीकडची माणसं एका जातकुळीची ठरत नाहीत. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलरने एकोणिसाव्या शतकात शोरापूर भागातली थडगी खणली आणि त्याला त्यांत थेट पश्चिम युरोपातल्या थडग्यांचे भाऊबंद दिसले. तो परिश्रमी होता, त्याच्या नोंदी आजही उपयोगी आहेत, पण त्याचा निष्कर्ष टिकला नाही. सारखेपणा दिसला की नातं जोडायची घाई त्या काळात झाली आणि तुम्ही आता नदीच्या दोन काठांबद्दल तेच करताय. काळा दगड दोन्ही बाजूंना आहे एवढ्यावरून माणसं दोन्ही बाजूंना होती असं म्हणता येत नाही.

शिवाय महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची मृतांशी वागायची रीत अगदी वेगळी होती. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ पासून पुढची बरीच वर्षं तिथे खोदकाम केलं. साधारण ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० असा त्या गावाचा काळ आहे. तिथे दोनशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्यांतली बहुतेक घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात होती. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांत त्याला निजवायचं. मोठ्या माणसाला उताणं, उत्तर-दक्षिण ठेवायचं आणि घोट्याखाली पावलं तोडायची. त्यांनी रानात दगड रचले नाहीत. चुलीपासून चार हातांवर त्यांचे मृत होते.

उत्साही : तुम्ही इनामगाव काढलंत हे बरं झालं, कारण मला जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं. ज्या आईने आपलं मूल ओसरीखाली पुरलं ती रोज त्याच जागेवर शेण-माती सारवत होती. तो मृत्यू घराचा होता आणि त्याची आठवणही घराच्या भिंतींच्या आत राहत होती. आता जुनापाणीच्या माळावर या. इथे मृत गावाबाहेर गेलेला आहे. तो इतर मृतांच्या शेजारी आहे, चारही दिशांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात, म्हणजे इनामगावचे शेवटचे लोक अजून कोरड्या पडत चाललेल्या घोड खोऱ्यात तग धरून होते त्याच सुमाराला, पूर्वेकडे मृत्यू घराचा राहिला नाही, तो समूहाचा झाला. एवढी मोठी उलथापालथ कशाने झाली? लोखंड आलं, घोडा आला, जंगल तोडता येऊ लागलं, जमिनीवर दावा सांगावा लागला, ही सगळी कारणं त्यात असतील. पण मला त्यात भर घालावीशी वाटते ती अशी, की या लोकांना आपण एक आहोत हे दाखवायची गरज पडली आणि त्यासाठी त्यांनी आपले मृत वापरले.

साशंक : वाक्य चांगलं आहे, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. 'समूहाचा मृत्यू' म्हणताना तुम्ही गृहीत धरताय की या वर्तुळांत समूह पुरलेला आहे. तसं नाही. हिशेब करा. जुनापाणीची वर्तुळं तीनशे धरली आणि ती तीनशे-चारशे वर्षांत बांधली गेली असं मानलं, तर सरासरी वर्षाला एक किंवा त्याहूनही कमी वर्तुळ पडतं. शंभर वस्तीच्या गावातसुद्धा त्या काळात वर्षाला तीन-चार मृत्यू सहज होत असणार. मग बाकीचे कुठे गेले? बायका, लेकरं, गुरं राखणारी पोरं, म्हातारी माणसं? बऱ्याच वर्तुळांत तर हाडंच मिळत नाहीत. जिथे मिळतात तिथे अर्धवट, निवडून आणलेली वाटावीत अशी असतात. इनामगावात निदान लहान मुलं आहेत, सर्वांत जास्त तीच आहेत. त्यांच्या दातांचा अभ्यास झाला, त्यांची उपासमार, त्यांची आजारपणं यांबद्दल काही बोलता येतं. विदर्भातल्या वर्तुळांमधून मला तांब्याची मूठ असलेली कट्यार दिसते, घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याच्या पत्र्याचा साज दिसतो, अकीक आणि कार्नेलियनचे मणी दिसतात. गाव मात्र दिसत नाही. जे कोणी या दगडांखाली आहेत ते निवडलेले आहेत, आणि निवड कोणी केली हे त्या दगडांवर लिहिलेलं नाही.

उत्साही : हाडं नाहीत म्हणून थडगं नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही, आणि त्यासाठी मला हिंगोलीबाहेर जायची गरज नाही. नामदेव नरसीचे. त्यांचं गाव हिंगोली तालुक्यात आहे. त्यांची आठवण नरसीला आहे, पंढरपुरात महाद्वाराच्या पायरीशी आहे आणि पंजाबात घुमानला गुरुद्वाऱ्यात आहे. माणूस एक, पण तीन ठिकाणची माणसं आपल्याकडच्या जागेपाशी डोकं टेकतात आणि कुणालाही दुसऱ्याची जागा खोटी वाटत नाही. स्मरणाला देहाची सक्ती नसते हे आपल्या लोकांना फार आधीपासून कळलेलं आहे. एखादा माणूस दूर देशी गेला असेल, लढाईत पडला असेल, नदीने नेला असेल. त्याच्यासाठी गावाने दगड लावले, भांडी ठेवली, त्याची कुऱ्हाड ठेवली. हे वर्तुळ रिकामं म्हणायचं का?

आणि या वर्तुळांशी आपल्या काळाचंही एक मरण जोडलेलं आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने तिथलं कॉलेज आहे, ते १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले होते. परतताना बोरीजवळच्या नाल्याला पूर आलेला होता आणि त्यात ते बुडाले. पुढे त्याच शतकात रिव्हेट-कार्नक यांनी जुनापाणीला खोदकाम केलं, १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी. मग शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठ आलं, टाकळघाट-खापा आणि माहुरझरी त्यांनी उजेडात आणलं. नायकुंडला देव आणि जामखेडकर यांनी मिळून काम केलं. दीडशेहून अधिक वर्षं माणसं या दगडांमागे लागलेली आहेत आणि अजूनही इथे कोण पुरलंय हा पहिला प्रश्न सुटलेला नाही. ही थट्टेची गोष्ट नाही. प्रश्न कठीण आहे आणि म्हणून तो माझ्या काळजाला लागतो.

साशंक : मलाही थट्टा करायची नाही. उलट मी दगडांना तुमच्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतो, म्हणून त्यांचं वजन करून पाहतो. बारा मीटर व्यासाचं वर्तुळ घेऊ. मधला भराव मध्यभागी मीटरभर उंच आणि कडेकडे उतरता. साधारण पन्नास-साठ घनमीटर माल झाला, म्हणजे नव्वद टनांच्या आसपास. टोपल्यात पंधरा किलो माती बसते असं धरलं, तर सहा हजार टोपली. वीस माणसांनी दिवसाला प्रत्येकी पन्नास टोपली टाकली, तर सहा दिवसांचं काम. धोंडे ओढून आणायला आणखी काही दिवस लागतील. म्हणजे वीस माणसं आणि दहा-बारा दिवस. याला राजा लागत नाही, सैन्य लागत नाही, मोठं गावही लागत नाही. चार भाऊबंदांच्या घरांनी उन्हाळ्यात, शेत रिकामं असताना, हे सहज उरकलं असतं. तुम्ही 'समूह' म्हणता तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठी संघटित जमात उभी राहते. दगड मला एका भावकीपुरतीच साक्ष देतात.

उत्साही : तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. त्या वीस माणसांना दहा-बारा दिवस खायला कोणी घातलं? मराठवाड्यात तेराव्याच्या जेवणावळीने घरं कर्जात बुडालेली मी पाहिलेली आहेत. तो खर्च मृतासाठी कधीच नसतो. आमचं अजून चाललंय, आम्हाला अजून चार माणसं मानतात, हे गावाला दाखवण्यासाठी तो असतो. विदर्भातल्या वर्तुळांत घोड्यांची हाडं मिळाली आणि त्यांच्यावर कापल्याच्या खुणा आढळल्या. तो घोडा मालकामागे परलोकात पाठवला असेल, किंवा कापून जमलेल्यांनी खाल्ला असेल, कदाचित दोन्ही. त्या काळी घोडा किती मोलाचा असेल याचा अंदाज त्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या साजावरून येतो. एवढी किंमत मोजणारं घर एकटं नव्हतं. ज्यांच्यासमोर ती मोजायची असे सोयरे, शेजारी, प्रतिस्पर्धी त्याच्या भोवती होते. वीस जणांनी टोपली उचलली असतील, पण पाहायला दोनशे होते. समूह म्हणतो तो हा.

साशंक : जेवणावळीचा मुद्दा मी घेतो, तो बिनतोड आहे. पण त्यामुळे माझा पहिला मुद्दा पक्का होतो : ही वर्तुळं चढाओढीची आहेत. ज्याला घोडा कापता आला त्याचं वर्तुळ झालं. ज्याला नाही जमलं तो कुठे गेला, हे आपल्याला कोण सांगणार? इनामगावातसुद्धा हे दिसतं. पाच खोल्यांचं एक मोठं घर, आणि त्याच्या आवारात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक प्रौढ पुरुष. त्याची पावलं तोडलेली नव्हती. सगळ्यांना लागू असलेला नियम एकाला लागू नव्हता. तेव्हा घरातला मृत्यू समतेचा आणि माळावरचा मृत्यू समूहाचा अशी सरळ रेघ ओढू नका. उंच-नीच भिंतींच्या आतही होतीच.

आणि ही माणसं राहत होती कुठे, ते सांगा. थडगी शेकड्यांनी आणि घरं हाताच्या बोटांवर. यावरूनच लेश्निक यांनी १९७४ च्या त्यांच्या ग्रंथात मांडलं होतं, की दक्षिणेतली ही थडगी भटक्या पशुपालकांची आहेत. वर्षभर गुरांमागे फिरायचं आणि ठरावीक जागी येऊन मृतांना ठेवायचं.

उत्साही : लेश्निकांना घरं दिसली नाहीत, कारण तोवर खोदणाऱ्यांचं लक्ष थडग्यांवर होतं. थडग्यात वस्तू मिळतात, झोपडीत राख मिळते. नायकुंडला वस्ती खणली तेव्हा झोपड्यांच्या खांबांचे खळगे मिळाले आणि लोखंड गाळायची भट्टी मिळाली. विदर्भातल्या या वस्त्यांच्या मातीतून धान्या-कडधान्यांचे जळके दाणे वेचून त्यांचा अभ्यास झाला. माहुरझरीला मणी घडवण्याचं कामच चालायचं : कच्चा अकीक, अर्धवट घडलेले मणी, भोक पाडताना फुटलेले मणी, सगळं तिथे पडलेलं होतं. भट्टी पाठीवर घेऊन फिरता येत नाही. उदयरवी मूर्ती यांनी १९९० च्या दशकात दक्षिणेतल्या स्थळांचा एकत्र विचार करून शेती आणि पशुपालन दोन्ही करणारा समाज मांडला, तो मला पटतो. काही माणसं पावसाळ्यात पेरत होती, काही गुरं घेऊन बाहेर पडत होती, काही भट्टीपाशी बसत होती. आपल्याकडचा हटकर किंवा धनगर मेंढरं घेऊन निघतो तेव्हा त्याच्या घरच्यांपैकी कोणी शेत सांभाळतच असतो. एकाच भावकीत भटका आणि घरबश्या दोघंही नांदतात.

साशंक : मग आता मला सांगू द्या, पैनगंगेच्या अलीकडे ही वर्तुळं का नसावीत. तुम्ही भट्टीचा उल्लेख केलात. नागपूर, भंडारा, चंद्रपूर हा पट्टा खनिजांचा आहे. तिथे लोहखनिज आहे आणि उत्तरेला मलाजखंडला तांबं आहे. हिंगोली सलग बसाल्टवर बसलेली आहे. या दगडात घरं बांधावीत, औंढा नागनाथसारखं मंदिर घडवावं, पण भट्टी पेटवण्याजोगं खनिज त्यात नाही. पश्चिम महाराष्ट्रातही, जिथे सगळा हाच दगड आहे, तिथे अशी थडगी अगदी विरळ आहेत. ही रिकामी जागा खरी असू शकते. ज्यांची सत्ता लोखंडावर होती ते लोखंडाजवळ राहिले, एवढाच तिचा अर्थ असेल.

दुसरी अडचण रोजची आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढा या तालुक्यांतल्या हलक्या, माळाच्या जमिनींवर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचले आणि धुऱ्यावर किंवा शेताच्या मध्ये ढीग घातले. उद्या तुमच्यासारखा उत्साही माणूस गेला, की त्याला प्रत्येक ढिगात पूर्वज दिसणार. शेंदूर फासलेला म्हसोबा दिसणार. त्यातून पुराण तयार व्हायला वेळ लागत नाही, आणि एकदा झालं की ते पुसता येत नाही.

उत्साही : ढीग आणि वर्तुळ यांत फरक करता येतो आणि तो शिकवता येतो. वेचलेल्या दगडांचा ढीग जसा पडेल तसा वाढतो. त्यात मूठभर दगडापासून डोक्याएवढ्या दगडापर्यंत सगळं कालवलेलं असतं आणि खाली शेताचीच माती असते. वर्तुळाला कडेचे धोंडे असतात, त्यातल्या त्यात एका मापाचे, जमिनीत थोडे रुतवलेले आणि एकमेकांना लागून लावलेले. आतला भराव भोवतीच्या जमिनीपेक्षा वेगळा असतो. मुरमाड माळावर काळ्या चिकट मातीचा गोल पट्टा दिसला तर ती माती कुणीतरी वाहून आणलेली आहे. पावसाळा सरल्यावर गवत वाळायला लागतं तेव्हा हा गोल चांगला ओळखू येतो, कारण त्या मातीत ओल टिकते आणि तिथलं गवत उशिरा पिवळं पडतं. कडेच्या धोंड्यावर वाटीसारखे कोरलेले खळगे असले तर जुनापाणीची आठवण यावी. पावसाने धुतलेल्या उतारावर काळ्या-तांबड्या खापराचा तुकडा मिळाला, आतून आणि गळ्याशी काळा, खाली तांबडा, तर थांबून नोंद करावी. यांतलं एकच चिन्ह दिसलं तर मीही गप्प बसेन. तीन एकत्र आली तर तुम्हीही गप्प बसणार नाही.

खनिजाचा मुद्दा वजनदार आहे, पण तो अर्धाच खरा आहे. हिंगोलीच्या पूर्वेला आणि आग्नेयेला तेलंगण आहे. तिथे अशी थडगी भरपूर आहेत आणि लोक त्यांना राक्षसांची देवळं म्हणतात. ईशान्येला नागपूर. दोन दाट प्रदेशांच्या मधल्या वाटेवर हा जिल्हा आहे. मणी, लोखंड, घोडे या वाटेने गेले-आले असतील तर वाटेत माणसं मेलीही असतील. आणि यादीतल्या रिकाम्या जागेला आणखी एक कारण आहे, ते दगडाचं नाही, कागदाचं आहे. हिंगोली निजामाच्या राज्यात होती, निजामाच्या फौजेची छावणी होती. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि याझदानी त्याचे प्रमुख झाले. मराठवाड्यात त्यांच्यासमोर अजिंठा आणि वेरूळ होतं, एवढं मोठं काम असताना हिंगोलीच्या माळाकडे कोण पाहणार? पुढे १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. नागपूर विद्यापीठाने आपल्या भोवतालचा विदर्भ पाहिला. डेक्कन कॉलेजने गोदावरीकाठचं आपेगाव पाहिलं, तिथे इनामगावच्याच धाटणीची जुनी वस्ती मिळाली. मधला पट्टा प्रत्येकाच्या नकाशाच्या कडेला पडत गेला. नकाशाची कड म्हणजे माणसांच्या वस्तीची कड नव्हे.

साशंक : हे मला मान्य करावं लागेल. शोधलं नाही आणि सापडलं नाही यांत फरक आहे. औंढ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या टकरींची थरथर टिपायची, म्हणून त्या जागेची जमीन किती शांत आहे हे फार बारकाईने तपासलं गेलं. त्या बारकाईचा शंभरावा भाग जरी जमिनीवरच्या दगडांच्या वाट्याला आला, तर तुमचा-माझा अर्धा वाद मिटेल. म्हणून सर्वेक्षणाला माझा विरोध नाही. माझी एकच अट आहे. गावोगाव चालून काही मिळालं नाही, तर 'मिळालं नाही' हेसुद्धा तारखेसह, गट क्रमांकासह छापायचं. रिकाम्या शिवाराची नोंद ही मिळालेल्या थडग्याइतकीच मोलाची आहे, आणि तीच आपल्याकडे कोणी ठेवत नाही.

पण काही मिळालं, तर तिथे माझी खरी चिंता सुरू होते. 'हे आमचे पूर्वज' असं म्हणणारे दुसऱ्या दिवशी उभे राहतील. इंग्लंडात हेझल्टन नॉर्थ नावाचं एक नवाश्मयुगीन लांबट थडगं आहे. २०२२ मध्ये तिथल्या ३५ माणसांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतली २७ माणसं एकाच कुटुंबाच्या पाच पिढ्यांमधली निघाली. एक मूळ पुरुष, त्याला चार बायकांपासून झालेली संतती, आणि त्यात काही सावत्र मुलगेही, ज्यांचं रक्त वेगळं होतं पण ज्यांना त्याच थडग्यात जागा मिळाली. इतकं स्पष्ट उत्तर मिळालं, कारण तिथली थंडी. आपल्या उन्हात आणि आपल्या मातीत डीएनए फारसा टिकत नाही. राखीगढीला साठाहून अधिक नमुन्यांतून एकाच बाईचा डीएनए हाती लागला. विदर्भातल्या चुरा झालेल्या हाडांकडून मी फार अपेक्षा करत नाही. म्हणजे नातं सिद्ध करता येणार नाही, आणि सिद्ध करता येत नाही म्हणून प्रत्येकजण ते सांगू शकेल.

उत्साही : तुम्ही हेझल्टनचा दाखला दिलात, पण त्यातलं माझ्या उपयोगाचं तुमच्याच तोंडून आलं : सावत्र मुलांना जागा मिळाली. पाच हजार वर्षांपूर्वीसुद्धा थडग्यात कोण जाणार हे केवळ रक्ताने ठरत नव्हतं, कोणाला आपलं मानलं यावरही ठरत होतं. मग आपण तरी रक्ताचा पुरावा का मागायचा? गडचिरोलीचे माडिया आजही मृताच्या नावाने दगड उभा करतात. त्यांचा आणि जुनापाणीचा वंश एक आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण दगड ओढून आणताना काय बोलायचं, कोणी पुढे व्हायचं, कोणी रडायचं, त्या दिवशी कोणाचं जुनं भांडण मिटतं आणि कोणाचं नव्याने पेटतं, हे त्यांना माहीत आहे. पुरातत्त्वाला ते कधीच कळणार नाही. मराठवाड्यातल्या लिंगायत घरांत आजही मृताला बसवून पुरतात. दहनाच्या देशात दफनाची इतकी माणसं आपल्या शेजारी आहेत. त्यांना विचारायच्या आधी आपण प्रयोगशाळेला विचारतो.

साशंक : विचारा. पण त्यांच्या तोंडी तीन हजार वर्षांपूर्वीचं उत्तर घालू नका. माडिया आज दगड उभा करतात ते आजच्या कारणासाठी. त्यांना जिवंत अवशेष समजणं हा त्यांचा अपमान आहे. जुन्या समजुतीत नागपूरकडची वर्तुळं गवळी राजांची म्हटली जायची. तेही कोणीतरी आपल्या काळातलं उत्तर जुन्या दगडांवर चढवलेलंच होतं.

उत्साही : तसं मी करणार नाही. त्यांच्याकडून मी उत्तर घेणार नाही, प्रश्न घेईन. दगड कोणी लावला हे आपण विचारतो. त्यांना पाहिलं की कळतं, कोणाला लावू दिला नाही हेही विचारायला हवं.

साशंक : हा प्रश्न मला हवा होता. तुम्ही तो सुरुवातीलाच विचारला असतात तर मी इतका वेळ घेतला नसता. थडग्यांच्या भोवतीची मोकळी जागा खणायला हवी : जिथे वर्तुळ नाही, जिथे वस्तू नाहीत, जिथे ज्यांना दगड मिळाला नाही अशी माणसं उथळ खड्ड्यात असतील, किंवा राख होऊन गेली असतील. ते काम कोणी फारसं केलेलं नाही, कारण त्यातून कट्यार निघत नाही. हिंगोलीत उद्या वर्तुळ मिळालं, तर माझी सूचना अशी, की वर्तुळ खणू नका. त्याची मोजणी करा, छायाचित्रं घ्या, राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षण मागा आणि ते मिटलेलं राहू द्या. पन्नास वर्षांनी आपल्याकडे आजच्यापेक्षा चांगली साधनं असतील. एकदा उघडलेलं थडगं पुन्हा बंद करता येत नाही.

उत्साही : इथे मात्र आपण वेगळे होतो. पवनारपासून पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग आखलेला आहे आणि औंढा नागनाथ त्यात आहे. त्याला शेतकऱ्यांचा विरोध आहे, तो रस्ता होईल की नाही, कसा होईल, हे मला ठाऊक नाही. पण रस्ता हा असो की दुसरा, मुरूम कुठून तरी येणारच, आणि मुरूम माळावरच असतो. खडी केंद्राला धोंडा लागतो. जुन्या गावठाणाच्या टेकाडांची पांढरी माती लोक गाड्या भरभरून शेतात टाकत आले, खत म्हणून. त्यातून किती जुनी गावं शेतात मिसळून गेली याचा हिशेब नाही. जुनापाणीला पूर्वी नोंदलेल्या वर्तुळांपैकी काही आज उरलेली नाहीत, आणि ती तर शहराजवळची, नावाजलेली. तुम्ही पन्नास वर्षं थांबायला सांगता. जेसीबीला एक वर्तुळ सपाट करायला अर्धा दिवस पुरतो. मी म्हणतो, दहा मिळाली तर दोन उघडा, आजच्या साधनांनी, नीट नोंदी ठेवून, आणि आठ राखा.

साशंक : दोन कोणती? जी चांगली टिकली आहेत तीच खणावीशी वाटतात, आणि जी चांगली टिकली आहेत तीच राखण्याजोगी असतात. मोडलेलं वर्तुळ खणलं तर उत्तरही मोडकं मिळेल.

उत्साही : ज्याच्या शेतात वर्तुळ आहे त्याला विचारून ठरवू. जमीन त्याची आहे, दरवर्षी दहा-बारा मीटरचा तुकडा पडीक ठेवायचा तोटा त्याचा आहे, आणि संरक्षणाची पाटी लागली की विहीर खणायची परवानगीही त्यालाच मागावी लागणार. आजवर या वादात आपण मृतांबद्दल बोललो, त्यांच्या शेजाऱ्यांबद्दल बोललो, पण त्याच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

साशंक : त्याने सगळी दहा सपाट करा म्हटलं तर?

उत्साही : तर त्याला काय द्यायचं, हे आधी ठरवून मगच त्याच्या बांधावर जायला हवं. मोजमापाची टेप त्यानंतर काढायची.

साशंक : आणि ते कोणी द्यायचं, त्यावर आपलं अजून बोलणंच झालेलं नाही.